कच्च्या गाडीवाटा जीपीएसवर: स्वयंसेवक नकाशा कसा करतात आणि तो कुठवर कामाला येतो

डांबरी संपली की पुढे लागणाऱ्या वाटेचे नाव गावोगाव वेगळे असते. कुठे पाणंद, कुठे गाडीवाट, कुठे शिवाररस्ता, तर कुठे नुसतीच 'वावराकडं जायची वाट'. पूर्वी तिच्यावरून बैलगाडी जायची. आता ट्रॅक्टर, उसाची ट्रॉली, मळणीयंत्र, जीप आणि वेळ आलीच तर रुग्णवाहिका जाते. पण मोबाईलवर नकाशा उघडला तर बहुतेक ठिकाणी तिथे कोरी जागा दिसते. गावातल्या माणसाला वाट पाठ असते, बाहेरून येणाऱ्या चालकाला नसते. आणि एखाद्याने वाट नांगरून टाकली, तर 'इथे वाट होतीच कुठे' या प्रश्नाला उत्तर देणे अवघड जाते.

अशा कच्च्या वाटांवरून गाडी नेऊन जीपीएसने त्यांची नोंद घेण्याचे काम जगात बरीच वर्षे स्वयंसेवक करत आहेत. हे काम कसे चालते, त्याचे काय झाले आणि आपल्या शिवारात त्याचा उपयोग कुठवर होतो, याची ही माहिती.

जीपीएस नोंद म्हणजे काय

आकाशात सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे जीपीएसचे उपग्रह सतत वेळेचा संदेश पाठवतात. फोन किमान चार उपग्रहांचे संदेश पकडतो आणि आपण कुठे आहोत हे काढतो. फोन फक्त ऐकतो, उपग्रहाला काही पाठवत नाही. म्हणून जीपीएसला मोबाईलची रेंज लागत नाही, नेटही लागत नाही. रेंज नसेल तर पहिल्यांदा जागा सापडायला थोडा जास्त वेळ लागतो, एवढेच.

गाडी चालत असताना फोन ठरावीक अंतराने जागेची नोंद ठेवतो. हे ठिपके जोडले की रेघ तयार होते, तिला 'ट्रॅक' म्हणतात. पूल, फाटक, ओढा, मोरी, देवळाचा कोपरा अशा एकेका ठिकाणाची खूण करतात, तिला 'वेपॉइंट' म्हणतात. हे सगळे ज्या फाइलमध्ये साठते तिचा सर्वांत चालणारा प्रकार जीपीएक्स. ही फाइल व्हॉट्सअॅपवरसुद्धा पाठवता येते आणि नकाशाच्या बहुतेक अॅपमध्ये उघडते.

सुरुवात कशी झाली

जीपीएस ही अमेरिकी लष्कराची यंत्रणा. सामान्य माणसाला मिळणाऱ्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळे जागा १०० मीटरपर्यंत इकडेतिकडे दाखवली जायची. मे २००० मध्ये अमेरिकी सरकारने ही मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. तेव्हापासून साध्या यंत्रावरही वाट ओळखता येईल इतकी रेघ मिळू लागली.

२००४ मध्ये ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला. लोकांनी स्वतः फिरून केलेला आणि सगळ्यांना फुकट वापरता येणारा हा नकाशा आहे. सुरुवातीचे बरेच रस्ते लोकांनी सायकलवर, गाडीत किंवा पायी जीपीएस घेऊन नोंदवले. आज त्यात भारतातल्या खेड्यापाड्यांचे रस्तेही आहेत, पण शिवारातल्या वाटा अजून तुरळकच दिसतात.

आफ्रिकेत याच काळात ट्रॅक्स फॉर आफ्रिका उभे राहिले. दक्षिण आफ्रिकेतले जीपवाले प्रवासी वाळवंटात आणि जंगलात फिरून आलेले ट्रॅक एकमेकांना देऊ लागले आणि ते एकत्र करून नकाशे झाले. या नकाशांवर अंतराबरोबर लागणारा वेळही दिलेला असतो. कच्च्या वाटेवर वेळच कामाचा, हे गावात सांगायची गरज नाही. चार किलोमीटरच्या पाणंदीला उन्हाळ्यात १५ मिनिटे लागतात आणि काळ्या रानात पाऊस पडल्यावर तीच वाट बंद होते.

अमेरिका: नकाशात नाही ती वाट बंद

या कामाची खरी किंमत अमेरिकेतल्या सरकारी जंगलात कळली. तिथल्या वनखात्याकडे सुमारे १९.३ कोटी एकर जमीन आहे. तिथे लोक चारचाकी मोटारसायकली, जीप आणि मातीत चालणाऱ्या दुचाकी घेऊन हौसेने फिरतात. एक गाडी गेली की चाकोरी पडते, तिच्यावरून दुसरी जाते आणि वाट तयार होते. अशा आपोआप पडलेल्या वाटा वाढत गेल्या. माती वाहू लागली, ओढे गढूळ झाले आणि जनावरांचा अधिवास बिघडला.

१९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढला, की अशा गाड्यांसाठी जागा ठरवताना माती, पाणलोट, झाडोरा आणि वन्यजीवांचे नुकसान कमीत कमी होईल हे पाहावे. प्रत्यक्षात बऱ्याच जंगलांत गाडी कुठेही नेता येत होती. शेवटी नोव्हेंबर २००५ मध्ये वनखात्याने नवा नियम केला. प्रत्येक जंगलाने गाड्यांसाठी रस्ते, वाटा आणि जागा ठरवायच्या आणि त्यांचा नकाशा छापून लोकांना फुकट द्यायचा. त्या नकाशात जी वाट नाही, तिच्यावर गाडी नेणे गुन्हा.

नियम आला आणि धावपळ सुरू झाली. पूर्वी नकाशात नसलेली वाट वापरता येत होती. आता नकाशात नसलेली वाट म्हणजे बंद वाट. जीपवाल्यांच्या आणि मोटारसायकलवाल्यांच्या क्लबांनी सुट्टीच्या दिवशी जीपीएस घेऊन वाटा नोंदवल्या आणि वनखात्याच्या बैठकीत मांडल्या. ज्यांनी नोंद दिली त्यांच्या वाटेवर निदान विचार तरी झाला.

पण जीपीएस एकाच बाजूच्या हातात नव्हते. १९८९ मध्ये उतारवयातल्या स्त्रियांनी सुरू केलेल्या ग्रेट ओल्ड ब्रॉड्स फॉर वाइल्डरनेस या संस्थेच्या कार्यकर्त्याही जीपीएस आणि कॅमेरा घेऊन त्याच भागात फिरल्या. कुठे चाकोरी ओढ्यात उतरली, कुठे बंद फाटकाला वळसा घालून नवी वाट पडली, हे त्यांनी जागेसकट टिपले. एकाच वाटेचा ट्रॅक दोन्हीकडून आला. एक म्हणत होता, वाट आहे म्हणून चालू ठेवा. दुसरा म्हणत होता, वाट पडली आहे म्हणून बंद करा. वाट आहे एवढेच जीपीएसने सांगितले. ती चालू ठेवायची का, हे माणसांना आणि कायद्यालाच ठरवावे लागले.

यूटा: ट्रॅक आणि म्हाताऱ्या माणसांच्या जबान्या

यूटा राज्यातले प्रकरण आपल्या वहिवाटीच्या दाव्यासारखेच आहे. १८६६ च्या एका खाणकायद्यात सरकारी जमिनीवरून रस्ता करण्याचा हक्क दिलेला होता. तो कायदा १९७६ मध्ये रद्द झाला, पण आधी पडलेल्या रस्त्यांचे हक्क कायम राहिले. यूटामध्ये कसोटी अशी, की १९७६ पूर्वी सलग दहा वर्षे लोकांनी तो रस्ता वापरला पाहिजे. यूटाने अशा १२ हजारांहून अधिक रस्त्यांवर हक्क सांगितला आणि २०१२ च्या सुमारास केंद्र सरकारविरुद्ध एकामागून एक दावे लावले.

रस्ता आज कुठून जातो हे जीपीएसने दाखवता येते. पण तो १९६६ साली वापरात होता हे जीपीएस कसे सांगणार? त्यासाठी जुन्या हवाई छायाचित्रांबरोबर जुनी माणसे लागली. त्या रस्त्याने मेंढरे नेलेले, खाणीवर गेलेले, लाकूड आणलेले लोक शोधून त्यांच्या जबान्या घेतल्या गेल्या. साक्षीदार म्हातारे होत चालले म्हणून खटला उभा राहण्याआधीच जबान्या नोंदवून ठेवाव्या लागल्या. म्हातारा माणूस गेला की त्याच्याबरोबर पुरावाही जातो, हे आपल्याकडेही तितकेच खरे.

फोन किती अचूक असतो

अमेरिकी सरकारच्या जीपीएस माहितीनुसार मोकळ्या आकाशाखाली साधा स्मार्टफोन साधारण ४.९ मीटरच्या आत बरोबर जागा दाखवतो. ४.९ मीटर म्हणजे १६ फूट. आपल्या गाव नकाशातला गाडीमार्ग धरला जातो साडेसोळा ते २१ फुटांचा. म्हणजे फोनची चूकच जवळपास एका गाडीवाटेएवढी.

यातून दोन गोष्टी निघतात. वाट आहे, ती कुठून निघते, कोणत्या गटांजवळून जाते आणि कुठे पोहोचते, हे फोन नीट सांगतो. पण बांध कोणी दोन हात कोरला, वाट याच्या हद्दीत आहे का त्याच्या, हे फोन सांगू शकत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख खात्याची मोजणीच लागते. व्हॉट्सअॅपवरचा ट्रॅक दाखवून बांधावर भांडणे निरर्थक आहे.

झाडीत, उभ्या कड्याखाली, खोल ओढ्यात आणि पत्र्याच्या शेडजवळ चूक आणखी वाढते, कारण सिग्नल आपटून येतो. एकाच वाटेची नोंद वेगवेगळ्या दिवशी तीन-चार वेळा घेतली तर रेघा एकमेकींवर पडतात आणि मधली रेघ भरवशाची निघते. अनुभवी स्वयंसेवक एका फेरीवर कधी विश्वास ठेवत नाहीत.

नोंद घ्यायची पद्धत

ओएसएमअँडसारख्या अॅपमध्ये ट्रॅक नोंदवता येतो आणि नकाशा आधीच उतरवून ठेवला तर नेटशिवाय काम चालते.

१. निघण्याआधी मोकळ्या जागी दोन-तीन मिनिटे थांबावे. अॅपमध्ये अचूकतेचा आकडा पाच मीटरच्या आसपास आला की नोंद सुरू करावी.

२. फोनचे बॅटरी वाचवण्याचे सेटिंग बंद करावे. स्क्रीन बंद झाली की नोंद थांबते आणि घरी आल्यावर अर्धी वाट गायब असते. नवख्यांची ही नेहमीची फसगत.

३. नोंद दर एका-दोन सेकंदाने ठेवावी. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारा ट्रॅक्टर पाच सेकंदात २० मीटर पुढे जातो, तेवढ्यात वळण निघून जाते आणि रेघ वळणाऐवजी सरळ वावरातून जाते.

४. फोन खिशात किंवा सीटखाली न ठेवता समोर काचेजवळ, आकाश दिसेल असा ठेवावा.

५. वाट डांबरीपासून सुटते तिथून थेट शेवटपर्यंत जावे. मध्ये चहाला किंवा कुणाच्या मळ्यात थांबल्यास नोंद थांबवावी, नाहीतर तिथे ठिपक्यांचा गुंता होतो.

६. फाटे, मोऱ्या, ओढ्याची उतारे, अडथळे, विजेचे खांब, विहिरी यांना खूण करून नाव द्यावे. फोटो काढताना फोनमध्ये ठिकाणाची नोंद चालू ठेवावी.

७. घरी आल्यावर फाइलला गावाचे नाव, वाटेचे नाव आणि तारीख द्यावी. मूळ फाइल जशीच्या तशी जपावी, दुरुस्ती करायची तर प्रतीवर करावी.

एखादे ठिकाण आकड्यांत पाठवायचे असेल तर अक्षांश-रेखांशात दशांश चिन्हापुढे पाच आकडे द्यावेत. पाचवा आकडा म्हणजे जमिनीवर साधारण एक मीटर. चारच आकडे दिले तर एका आकड्याचा फरक ११ मीटरचा होतो.

ओपनस्ट्रीटमॅपवर वाटेची प्रत

या नकाशावर शेतीच्या आणि जंगलातल्या वाटेला 'ट्रॅक' असाच प्रकार आहे आणि तिची पाच प्रतींत विभागणी करतात. ग्रेड १ म्हणजे पक्की किंवा चांगली दाबलेली. ग्रेड २ खडी-मुरमाची. ग्रेड ३ म्हणजे कठीण आणि मऊ सारखेच मिसळलेले. ग्रेड ४ म्हणजे बहुतेक माती. ग्रेड ५ म्हणजे नुसती माती किंवा गवत, दगडाचा पत्ता नाही. त्याशिवाय फक्त फोर व्हील ड्राइव्हची जीपच जाईल, पावसाळ्यात बंद, खासगी वाट, फाटक आहे, अशीही माहिती जोडता येते. रात्री रुग्ण न्यायला निघालेल्या चालकाला रेघेपेक्षा ही माहिती जास्त कामाची.

दोन नियम पक्के आहेत. गुगल मॅपवरून किंवा दुसऱ्याच्या नकाशावरून उतरवून घ्यायचे नाही, कारण तो हक्क दुसऱ्याचा असतो. आणि जमिनीवर जे आहे तेच टाकायचे, जे व्हावेसे वाटते ते नाही. भारतात नकाशा करण्याचे नियम १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी बरेच सैल झाले. भारतीय व्यक्तीला किंवा संस्थेला सामान्य नकाशाकामासाठी आधी परवानगी घ्यावी लागत नाही. संवेदनशील ठिकाणांची माहिती मात्र दाखवता येत नाही.

आपल्या शिवारात कायदा काय म्हणतो

स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झाली ती गावठाणाची. शिवारातल्या वाटा त्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी आधार जुना गाव नकाशाच. त्यात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एका तुटक रेषेने दाखवतात. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून गटांचा नकाशा पाहता येतो.

वाटेच्या वादात दोन कायदे समोर येतात आणि त्यांची गल्लत होते.

वहिवाटीची वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चे कलम ५. तहसीलदार अडथळा काढण्याचा आदेश देऊ शकतात. पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो. 'पेरणी होऊ दे, मग बघू', 'सुगी उरकू दे' म्हणत बसले की मुदत निघून जाते.

वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३. तहसीलदार चौकशी करून बांधावरून वाट देऊ शकतात. निर्णय मान्य नसेल तर एक वर्षाच्या आत दिवाणी न्यायालयात जाता येते.

मे २०२५ च्या शासन निर्णयात शेतरस्ता शक्यतो किमान तीन ते चार मीटर रुंदीचा द्यावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' सदरात घ्यावी, असे म्हटले आहे. तहसीलदारांचा आदेश झाला तरी ही नोंद झाली का, ते सातबारा काढून पाहावे. जमीन विकली गेली की नवा मालक कागदच पाहतो.

यात जीपीएसचा ट्रॅक कुठे बसतो? तो हक्क देत नाही. पण त्याच्या प्रत्येक ठिपक्यावर तारीख आणि वेळ असते. अमुक तारखेपर्यंत या वाटेने गाडी जात होती आणि अमुक तारखेला इथे चर होता, हे त्यातून दिसते. सहा महिन्यांची मुदत मोजताना हीच गोष्ट कामाला येते. तरी फाइलमध्ये फेरफार करता येतो, म्हणून नुसत्या फाइलवर भागत नाही. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा मांडायचा तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. जोडीला फोटो, गाव नकाशा, शेजारच्या गटधारकांचे जबाब आणि तलाठी किंवा मंडळ अधिकाऱ्यांचा पंचनामा असला की बाजू उभी राहते.

वाट चालू असतानाच नोंद घेऊन ठेवणे शहाणपणाचे. अडवल्यावर ट्रॅक घ्यायला गेले तर चरापर्यंतचीच रेघ मिळते.

कोणती वाट नकाशावर टाकू नये

नकाशावर आलेली वाट सगळ्यांना दिसते, हौशी जीपवाल्यांनाही. एकाच्या मळ्यातून शेजाऱ्याला प्रेमाने जाऊ दिलेली वाट सार्वजनिक म्हणून टाकली, तर तो माणूस दुसऱ्याच दिवशी काटेरी फेसाटी लावील आणि शेजाऱ्याचीही सोय जाईल. अशी वाट टाकायचीच तर मालकाला विचारून आणि खासगी म्हणूनच टाकावी.

जंगलातल्या वाटांचे तसेच. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे, मग नकाशात वाट असो वा नसो. सह्याद्रीतल्या सड्यांवर आणि पठारांवर मातीचा थर पातळ असतो. पावसाळ्यात तिथे एकदा चाकोरी पडली की त्यावर पुन्हा फुले यायला बरीच वर्षे जातात. अमेरिकेच्या जंगलात हेच झाले होते. तिथली वाट नोंदवू नये, आणि आधीच कोणी टाकली असेल तर 'गाड्यांना बंद' अशी माहिती जोडावी.

थोडक्यात

ट्रॅक म्हणजे सातबारा नव्हे आणि मोजणीही नव्हे. वाट आहे, अमुक दिवशी चालू होती आणि अशी जाते, एवढे तो सांगतो. वाटेवर कुणाचा हक्क आहे ते गाव नकाशा, वहिवाट जाणणारी माणसे आणि तहसीलदारांचा आदेश सांगतात. गावातल्या तरुणांनी एका रविवारी ट्रॅक्टरवरून शिवाराच्या वाटा नोंदवल्या, ग्रामसभेत गाव नकाशाशी ताडून पाहिल्या आणि एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवली, तर खर्च डिझेलचा आणि एका दिवसाचा. सोबत सत्तरी ओलांडलेले एक-दोन जण नक्की घ्यावेत. कोणती वाट कधीपासूनची, हे फोनला माहीत नसते.